चार्ल्स नदीच्या काठाने लेटरबॉक्सिंग: नवख्यांसाठी पहिल्या शिक्क्यापासून स्वतःच्या डब्यापर्यंत

बोस्टनच्या पश्चिमेला, वॉटरटाउन स्क्वेअरपासून वॉल्थमच्या मूडी स्ट्रीटपर्यंत चार्ल्स नदीच्या कडेने चालायची वाट आहे. तीन-चार मैलांची, जवळजवळ सपाट, बऱ्याच ठिकाणी झाडांच्या सावलीतून जाणारी. या भागातली कितीतरी मराठी कुटुंबं संध्याकाळी इथे फिरायला येतात, उन्हाळ्यात पुण्या-नाशकाहून आलेले आईबाबा सोबत असतात. पण मॅसॅच्युसेट्समधल्या अशा वाटांवर, एखाद्या पडलेल्या ओंडक्याखाली किंवा बुंध्याच्या पोकळीत, हाताने कोरलेला शिक्का आणि छोटीशी वही ठेवलेला डबा असू शकतो, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. असे डबे लिहिलेल्या खुणांवरून शोधायचे, त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का त्याच्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तिथे ठेवून यायचं. याला लेटरबॉक्सिंग म्हणतात.

मी हे शिकले तेव्हा माहिती तुकड्यातुकड्यांत मिळाली आणि बरीचशी इंग्रजीतल्या आद्याक्षरांत अडकलेली होती. म्हणून सगळं एका जागी, लागेल त्या क्रमाने लिहिते आहे.

थोडा इतिहास, कारण त्यावरून खेळाची रीत कळते. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा ओसाड माळ आहे. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट याने १८५४ मध्ये तिथल्या क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. इतक्या लांब चालत आलेल्यांनी आपलं कार्ड तीत टाकावं, एवढाच हेतू. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले आणि पुढच्या येणाऱ्याने ती पोस्टात टाकायची असा रिवाज पडला. शिक्के नंतर आले. अमेरिकेत हा छंद पसरला तो एप्रिल १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात डार्टमूरवरचा लेख आल्यावर, आणि न्यू इंग्लंडमध्ये तो चांगलाच रुजला.

जिओकॅशिंगशी याची गल्लत करू नका. ते २००० साली सुरू झालं, त्यात जीपीएसचे आकडे धरून जागा गाठतात आणि डब्यातल्या वस्तूंची अदलाबदल करतात. लेटरबॉक्समधून काहीही घ्यायचं नसतं. डब्यातला शिक्का कुणीतरी तासन्‌तास बसून कोरलेला असतो. बक्षीस समजून नवखी माणसं तो उचलून नेतात आणि तो डबा कायमचा संपतो. मुलं सोबत असतील तर निघण्याआधीच हे त्यांना सांगा.

१. आधी सामान जमवा

यादी छोटी आहे:

– स्वतःचा शिक्का
– जाड, रेघा नसलेल्या कागदाची वही (पातळ कागदावर शाई मागे फुटते)
– स्टॅम्प पॅड, शिवाय पाण्याच्या शाईचे दोन-तीन ब्रश पेन
– साधं होकायंत्र, अंश छापलेलं
– खुणांची छापील प्रत
– पेन, ओले वाइप्स, दोन-चार रिकाम्या झिपलॉक पिशव्या
– बारीक टोकाचा चिमटा, हातमोजे, पाणी

शाई घेताना एक गोष्ट बघा. कापडावर आणि काचेवर टिकणारी पक्की शाई वापरू नका, ती शिक्क्यावरून निघत नाही आणि पुढच्या माणसाच्या वहीत तुमचा रंग उतरतो. लवकर वाळणारी, पाण्याने पुसली जाणारी शाई घ्या. पेन हवंच, पॅडची शाई ऐनवेळी वाळलेली निघते.

खुणांची प्रत फोनवर असली तरी कागदावरही ठेवा. वाटेत त्यावर टिपणं करता येतात. आणि झुडपाशी वाकून काहीतरी शोधणाऱ्या माणसाकडे येणारे-जाणारे बघतातच. कुणी काय चाललंय विचारलं तर कागद दाखवून दोन वाक्यांत सांगता येतं. इथे नव्याने आलेल्या माणसाला याचा फार आधार वाटतो.

२. शिक्का स्वतः कोरा

दुकानात तयार शिक्के मिळतात, चालतातही. तरी माझा आग्रह आहे की पहिला शिक्का स्वतः कोरा, कितीही ओबडधोबड झाला तरी. डब्यातली वही उघडल्यावर लोक आधी हाताने कोरलेले ठसे बघतात.

कोरायला मऊ रबराचा ठोकळा घ्या, कलासाहित्याच्या दुकानात शिक्क्यांसाठीचा म्हणून मिळतो. सुरुवातीला साधं मोठं खोडरबरही पुरतं. हत्यार म्हणजे लिनो कटर. स्पीडबॉल कंपनीचा सहज मिळतो आणि त्याच्या मुठीत वेगवेगळी पाती बसतात. सगळ्यांत बारीक, व्ही आकाराचं एक नंबरचं पातं रेषांसाठी आणि एखादं रुंद पातं मोकळी जागा साफ करायला, एवढी दोन बस झाली.

आकार दोन इंचांच्या आत ठेवा. डब्यांतल्या वह्या छोट्या असतात, मोठा शिक्का पानावर मावत नाही.

कृती अशी. चित्र कागदावर मऊ पेन्सिलीने गडद काढा. तो कागद ठोकळ्यावर पालथा घाला, हलू न देता चमच्याच्या पाठीने घासा. पेन्सिलीची रेघ रबरावर उलटी उतरते आणि शिक्का उमटवल्यावर सुलटी होते. शाळेत भेंडी-बटाट्याचे ठसे केलेल्यांना हे लगेच कळेल. थेट रबरावर सुलटं काढलं तर ठसा उलटा येणार, आणि अक्षरं असतील तर सगळी मेहनत वाया.

कापताना पातं जवळजवळ आडवं धरा. रुतवून खोल कापायची गरज नाही. दुसऱ्या हाताची बोटं पात्याच्या समोर कधीच ठेवू नका. वळण आलं की हात वळवायचा नाही, ठोकळा फिरवायचा. हे एक जमलं की गोल रेषा आपोआप गुळगुळीत येतात. रेषेच्या दोन्ही बाजूंनी कापताना उतार बाहेरच्या दिशेला जाऊ द्या. रेषेखालचं रबर आत पोखरलं तर दहा-वीस ठशांनंतर ती रेषा वाकते आणि शेवटी तुटते. आधी बाह्यरेषा, मग आतले तपशील, शेवटी पार्श्वभूमी. मधूनमधून ठसा घेऊन बघा. पार्श्वभूमीत उरलेले कंगोरे बारीक रेघोट्यांसारखे उमटतात, ते आवडत नसतील तर तासून टाका.

देवनागरी कोरणार असाल तर थोडं जास्त सांगते, कारण हे इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. शिरोरेषा आपल्या फायद्याची आहे: ती सगळ्या अक्षरांना एकत्र धरून ठेवते, म्हणून ती जाड ठेवा आणि एकसंध राहू द्या. त्रास होतो तो ‘व’, ‘ब’, ‘क’, ‘म’ यांच्या पोटातल्या छोट्या गाळ्यांचा. ते आधी कोरा, आजूबाजूला रबर भक्कम असतानाच. अनुस्वाराचा टिंब एकटा उभा राहतो आणि बाजूचं रबर काढताना तोच आधी उडतो, म्हणून तो हवा त्यापेक्षा ठळक काढा. जोडाक्षरं पहिल्या शिक्क्यात नकोत. एकच अक्षर आणि भोवती साधी नक्षी, नाहीतर रांगोळीतलं एखादं गोपद्म, वारलीतला ढोल वाजवणारा माणूस, अशी मोकळी आकृती निवडा. त्रिकोण, गोल आणि सरळ रेषांची वारली आकृती नवख्या हाताला सगळ्यांत सोपी जाते आणि ठसा सुरेख उठतो.

३. टोपणनाव ठरवा

वहीत खरं नाव लिहायची पद्धत नाही. प्रत्येकाचं वाटेवरचं एक टोपणनाव असतं, ते शिक्क्याशी जुळलं तर छानच. मुलांच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळा. डबा कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, म्हणून आडनाव, शाळा, फोन यांतलं काही वहीत जाऊ देऊ नका. नाव आणि शिक्का शक्यतो बदलू नका, जुन्या वह्यांत लोक तुम्हाला त्यावरूनच ओळखतात.

४. खुणा मिळवा आणि पहिला डबा जपून निवडा

अॅटलस क्वेस्ट आणि लेटरबॉक्सिंग नॉर्थ अमेरिका या संकेतस्थळांवर गाव किंवा राज्य घालून डबे शोधता येतात. अॅटलस क्वेस्टचं साधं खातं फुकट आहे.

निवडताना आधी हे बघा की डबा शेवटचा कधी सापडला. नदीकाठचे डबे पुरात वाहतात, वाट दुरुस्त करताना झुडपं तोडली की उघडे पडतात, माणसं कचरा समजून उचलतात. तीन-चार वर्षांत कुणाला सापडला नसेल तर तो पहिल्या दिवसासाठी घेऊ नका. मुलं रिकाम्या हाताने परतली की दुसऱ्यांदा यायला तयार होत नाहीत.

दुसरं, कोडी असलेल्या खुणा सुरुवातीला टाळा. काही डब्यांची सुरुवातीची जागाच लपवलेली असते, काहींमध्ये इतिहास माहीत असावा लागतो. मूडी स्ट्रीटच्या परिसरावर कुणी खुणा लिहिल्या तर बोस्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या गिरणीचा धागा त्यात येणं साहजिक आहे. १८१४ साली तिथे कापसापासून विणलेल्या कापडापर्यंतची सगळी कामं नदीच्या पाण्याच्या जोरावर एकाच छताखाली सुरू झाली. त्याच गिरणीच्या आवारात आज उद्योगांचं संग्रहालय आहे, पुढेमागे जरूर बघा. पण पहिल्या दिवशी ‘वाहनतळापासून निघा, पुलापर्यंत चाला, डावीकडे बघा’ अशा सरळ खुणा हव्यात.

५. खुणा घरी बसून वाचा

गोंधळ होतो तो इथेच. नमुन्यादाखल मी एक उतारा रचला आहे, तो कुठल्याही खऱ्या डब्याचा नाही:

“पादचारी पुलावरून नदीच्या डाव्या काठावर या. प्रवाहाच्या उलट चाला. दुसऱ्या बाकापाशी उभे राहून २१० अंशांवर जुळं झाड शोधा. तिथवर ३० पावलं. झाडाच्या नदीकडच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, दगडामागे.”

आता एकेक शब्द घेऊ.

नदीचा डावा काठ म्हणजे प्रवाह जिकडे जातो तिकडे तोंड करून उभं राहिल्यावर डाव्या हाताला येणारा काठ. तुम्ही कुठून चालत आलात त्याचा संबंध नाही. इथे चार्ल्स नदी वॉल्थमकडून वॉटरटाउनकडे, साधारण पूर्वेला वाहते, म्हणजे डावा काठ उत्तरेचा. धरणांच्या वर पाणी इतकं संथ असतं की प्रवाह कुठे जातोय ते डोळ्यांना कळत नाही. एखादं पान टाकून बघा, किंवा बोस्टन बंदर कुठे आहे ते लक्षात ठेवा, नदी शेवटी तिकडेच जाते. मात्र दिशा नदीवरून ठरवू नका. हॉपकिन्टनपासून बंदरापर्यंत सुमारे ८० मैल जाणारी ही नदी सरळ रेषेत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही अंतर कापत नाही, सारखी वळणं घेते.

२१० अंश हे होकायंत्रावरचं माप. उत्तर शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. खुणा लिहिणारे सहसा होकायंत्राचा काटा दाखवतो तेच माप देतात. फोनवर मात्र खऱ्या उत्तरेचा पर्याय चालू असू शकतो. बोस्टनच्या परिसरात काट्याची उत्तर खऱ्या उत्तरेपासून सुमारे १४ अंश पश्चिमेला आहे. १४ अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण शंभर फूट चालल्यावर तुम्ही जवळजवळ २४ फूट बाजूला गेलेले असता आणि भलत्याच झाडाखाली पाला उपसत बसता. फोनमधला तो पर्याय बंद करा, किंवा साधं होकायंत्र वापरा. ते गाडीच्या किल्ल्या, फोन आणि लोखंडी बाकापासून लांब धरा. या वाटेवरच्या, पोलादी तारांनी तोललेल्या ब्लू हेरॉन पुलावर उभं राहून माप घेऊ नका, पूल ओलांडून थोडं पुढे या आणि मग घ्या.

पावलं हा सगळ्यांत मोठा सापळा. जुन्या रीतीने एक पाऊल म्हणजे डावी-उजवी मिळून दोन ढांगा, मोठ्या माणसाचे जवळपास पाच फूट. काही जण प्रत्येक ढांग मोजतात. म्हणजे ३० पावलं ७५ फूटही असतील आणि १५० फूटही. खुणांच्या सुरुवातीला खुलासा असला तर उत्तमच. नसला तर दोन्ही अंतरं मोजा आणि वर्णनाशी जुळणारं जुळं झाड कुठे येतं ते बघा.

आणि मुद्दाम रचल्यासारखे दिसणारे दगड. निसर्गात दगड असे नीट एकावर एक पडत नाहीत. लेटरबॉक्सवाले अशा रचनेला ‘स्पोर’ म्हणतात. काही दिवसांत तुमची नजर आपोआप अशा ढिगांवर ठरू लागेल. पण खुणांमध्ये दगडाचा उल्लेख नसताना दिसेल तो ढीग उचकटू नका, त्याखाली साप-बेडकांचं घर असतं.

६. निघण्याआधी: ऋतू, गोचिडी आणि विषारी वेल

एप्रिलच्या मध्यापासून पालवी दाट होईपर्यंतचा काळ, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, हे शोधायला उत्तम दिवस. मार्चमध्ये बर्फ वितळून नदी फुगलेली असते, तेव्हा काठाच्या सखल भागात उतरू नका. हिवाळ्यात बर्फाखालचा डबा उकरायचा मोह टाळा, प्लास्टिक थंडीने कडक होतं आणि झाकण तडकतं. एप्रिल-मे महिन्यांत गेलात तर वॉटरटाउनच्या धरणाशी जरा थांबा. समुद्रातून अंडी घालायला आलेले हेरिंग मासे तिथल्या शिडीवरून वर चढतात आणि बगळे काठावर टपून बसलेले असतात.

आता गोचिडी. वाट सोडून पाल्यात शिरलं की हा धोका आहेच, आणि आपल्याकडून आलेले लोक तो फार हलका धरतात. इथल्या हरणांवरच्या गोचिडीमुळे लाइम हा आजार होतो, कनेटिकटमधल्या लाइम गावावरून त्याचं नाव पडलं. मे ते जुलैमध्ये या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, सहज दिसत नाही. फिकट रंगाची लांब पँट घाला, पायमोज्यांत खोचा, पायांवर कीटकनाशकाचा फवारा मारा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी, केसांत, कानांमागे बघा, मुलांचं तर नक्कीच. चिकटलेली दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, रॉकेल टाकणं, उदबत्तीचा चटका देणं हे गावाकडचे उपाय इथे करू नका. लाइमचा जंतू शरीरात जायला सहसा ती एक दिवसाहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच संध्याकाळी तपासणं सगळ्यांत मोलाचं. पुढच्या काही आठवड्यांत गोल लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

दुसरी भीती पॉइझन आयव्हीची. तीन-तीन पानांचा झुबका, मधल्या पानाचा देठ बाजूच्यांपेक्षा लांब. झाडावर चढलेल्या वेलीला केसाळ मुळं फुटलेली दिसतात. बिब्बा, काजू आणि आंबा यांच्याच कुळातली ही वेल आहे. कोकणात ज्याने कुणाच्या अंगावर बिब्बा उतलेला पाहिलाय त्याला तिचे फोड नवे वाटणार नाहीत. पानं गळाल्यावर नुसत्या दांड्याचाही चीक बाधतो, म्हणून नोव्हेंबरातही हातमोजे घाला. स्पर्श झाला तर लगेच साबणाने भरपूर धुवा, कपडेही. डबा या वेलीत असेल असं वाटलं तर तो सोडून द्या.

काळोख पडायच्या आत परता. एका टोकाला गाडी लावून सबंध वाट एकाच दिशेने चालायची असेल तर परतीला ७० नंबरची बस आहे, ती वॉल्थम आणि वॉटरटाउन स्क्वेअर दोन्ही जोडते.

७. डबा सापडल्यावर

ओरडू नका. मुलांना हे फार जड जातं, तरी आधीच ठरवून ठेवा. आजूबाजूला कुणी असेल तर थांबा, नदीकडे बघत उभे राहा, माणसं पुढे गेली की उचला. कसा ठेवला होता, कुठली बाजू वर होती, त्यावर काय होतं, ते नीट बघा. हवं तर फोटो काढा. मग डबा घेऊन जागेपासून थोडं लांब, एखाद्या बाकावर बसा, म्हणजे लपवायची जागा कुणाच्या लक्षात येत नाही.

आतल्या वहीत तुमचा शिक्का, तारीख, टोपणनाव आणि एखादी ओळ. मराठीत लिहिलीत तरी चालते, डबे ठेवणाऱ्यांना अनोळखी लिपी बघून आनंदच होतो. मग डब्यातला शिक्का तुमच्या वहीत. पॅडवर हलके टेकवा, दाबू नका. वहीखाली काहीतरी सपाट घ्या, शिक्का सरळ खाली ठेवून सगळ्या बाजूंनी सारखा दाब द्या आणि सरळ उचला. बारीक नक्षीचा शिक्का असेल तर ब्रश पेनाने भाग रंगवून, तोंडाने हलकी वाफ देऊन उमटवा, रंग छान येतात. झाल्यावर शिक्का वाइपने पुसा आणि वाळू द्या.

कधी डब्यात आणखी एक छोटी पुडी मिळते, तिचा वेगळा शिक्का, वेगळी वही. हा फिरता डबा असतो. तो उमटवून सोबत घ्यायचा आणि पुढच्या डब्यात नेऊन ठेवायचा. तेवढीच वस्तू डब्यातून बाहेर न्यायची मुभा आहे. लगेच दुसऱ्या डब्याकडे जाणार नसाल तर ती तिथेच राहू द्या.

बंद करताना घाई होते आणि डबे खराब होतात ते त्यानेच. वही आणि शिक्का आपापल्या पिशवीत, हवा दाबून काढून, झिप टोकापासून टोकापर्यंत बोटाने फिरवून लावा. पिशवीचं टोक झाकणात अडकलं तर तिथूनच पाणी शिरतं. पिशवी फाटली असेल तर तुमच्याजवळची नवी घाला. मग डबा होता तसाच, तिथेच ठेवा. जास्त चांगला लपवायचा प्रयत्न करू नका, पुढच्याला खुणा जुळणार नाहीत.

घरी आल्यावर संकेतस्थळावर सापडल्याची नोंद करा. ठशाचा किंवा जागेचा फोटो सगळ्यांना दिसेल असा टाकू नका. तो ठसा बघायचा असेल तर चालत यायचं, असा या मंडळींचा रिवाज आहे आणि मला तो पटतो.

८. सापडलाच नाही तर

सुरुवातीच्या जागी परत जा, पावलं पुन्हा मोजा, दुसऱ्या कुणाला खुणा मोठ्याने वाचायला सांगा. तरीही नाही मिळाला तर माती उकरणं, साल सोलणं, दगडी बांध उचकटणं यांतलं काही करू नका. डबा कधीच पुरलेला नसतो. न सापडल्याचीही नोंद करा, ठेवणाऱ्याला त्यामुळेच कळतं की एकदा जाऊन बघायला हवं. डबा उघडा पडलेला किंवा ओला सापडला तर कोरड्या पिशवीत घालून जागेवर ठेवा आणि मालकाला संकेतस्थळावरून कळवा. घरी घेऊन येऊ नका.

९. स्वतःचा डबा ठेवायचा असेल तर

पंचवीस-तीस डबे शोधून झाल्यावर हा विचार करा. कुठल्या जागा टिकतात, कुठल्या खुणा फसवतात, ते तोवर अंगवळणी पडतं.

पहिलं काम परवानगीचं. या वाटेचा मोठा भाग राज्याच्या डीसीआर (निसर्गसंवर्धन आणि उद्यानं सांभाळणाऱ्या) खात्याकडे आहे, काही तुकडे गावांकडे. जमीन कुणाची ते नकाशावर बघून त्या कार्यालयाला ईमेल लिहा: डबा केवढा, नेमका कुठे, आत काय, देखरेख कोण करणार, तुमचा संपर्क. सोबत जागेचा नकाशा आणि फोटो जोडा. आलेलं उत्तर छापून ठेवा. नॅशनल पार्कच्या हद्दीत परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. जुने बांध, स्मारकं, दफनभूमीतले दगड यांना हात लावू नका. डार्टमूरवरही प्राचीन दगडी रचनांत डबे ठेवायचे नाहीत असाच नियम आहे.

पुलाखाली, रेल्वेलगत, शाळेजवळ, वीज किंवा पाण्याच्या यंत्रणेशी डबा नको. ३१ जानेवारी २००७ रोजी बोस्टन परिसरात एका कार्टून कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी पुलांवर आणि इतरत्र लावलेले दिव्यांचे फलक बॉम्ब समजले गेले होते आणि मोठे रस्ते व पूल बंद ठेवावे लागले होते. म्हणून डबा पारदर्शक घ्या, किंवा बाहेर ठळक इंग्रजीत लिहा की हा लेटरबॉक्स आहे, धोकादायक नाही, कृपया जागेवर ठेवा. त्यावर चिकटपट्टीचे थर गुंडाळून तारा-वायरी असल्यासारखं रूप देऊ नका.

चारी बाजूंनी कडी बसणारा, झाकणात रबरी कडं असलेला डबा घ्या. घरी पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवा, आत कोरडा टिशू ठेवून. सकाळी टिशू कोरडा असेल तरच तो डबा वापरा. रिकामे तेलाचे किंवा आइस्क्रीमचे डबे पहिल्या हिवाळ्यातच तडकतात. खाण्याचा वास असलेला डबा तर मुळीच नको, रॅकून आणि खारी तो कुरतडून उघडतात.

नदीकाठी जागा निवडताना झाडांच्या बुंध्यांवर बघा. पुराचं पाणी जिथवर येतं तिथे वाळका काडीकचरा आणि चिखलाची रेघ राहिलेली असते. डबा त्याच्या बराच वर हवा. वाटेपासून तो दिसू नये, पण तिथे पोचायला झाडी तुडवावी लागू नये, नाहीतर एका उन्हाळ्यात नवी पायवाट पडते आणि जागा उघड होते.

खुणा लिहून झाल्या की त्या वाटेवर कधीच न गेलेल्या माणसाच्या हातात द्या आणि तुम्ही मागून गप्प चाला. तो जिथे थबकेल ते वाक्य बदला. बाक हलतात, पाट्या बदलतात, झाडं पडतात, म्हणून एका गोष्टीला निदान दोन आधार द्या. पाऊल म्हणजे एक ढांग की दोन, ते पहिल्याच ओळीत लिहा.

मग वर्षातून दोनदा, बर्फ वितळल्यावर आणि पानगळीनंतर, जाऊन बघा. वही भरत आली की नवी ठेवा, जुनी घरी आणा. त्यातले ठसे बघणं ही या छंदातली सगळ्यांत सुंदर संध्याकाळ असते. नोकरीमुळे दुसऱ्या राज्यात जायची वेळ आली तर डबा देखरेखीसाठी दुसऱ्या कुणाला रीतसर सोपवा आणि संकेतस्थळावरचं नाव बदलून घ्या. तसं कुणी मिळालं नाही, तर निघायच्या आधी डबा उचलून आणा आणि तो बंद झाल्याची नोंद त्याच दिवशी करा.